सुनुंगची पंचवीस मिनिटं: कोरियन विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी श्रवण परीक्षेची झाडाझडती

कोरियन मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना ऐकण्याच्या सरावाची सामग्री कधीच कमी पडत नाही, उलट तिचा ढीग असतो. त्या ढिगातली सगळ्यात काटेकोर बनवलेली सामग्री फुकट मिळते, हे मात्र कोरियाबाहेरच्या शिक्षकांना सहसा ठाऊक नसतं. ती म्हणजे सुनुंग या विद्यापीठ प्रवेश परीक्षेतला इंग्रजी श्रवणाचा भाग. १७ प्रश्न, साधारण २५ मिनिटं, ३७ गुण. रांजणगावला एलजी आहे आणि तळेगावला आता ह्युंदाई. त्यामुळे पुण्यात कोरियन घरांमधल्या शिकवण्या घेणारे मराठी शिक्षक आहेत आणि ऑनलाइन शिकवणारेही आहेत. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी.

निकाल आधीच सांगून टाकतो. परीक्षा म्हणून ही चीज अव्वल आहे, पण शिकवण्याचं साधन म्हणून अर्धीच. मुलाचा सहावा प्रश्न चुकला एवढं ती सांगते. का चुकला, कोणता आवाज कानातून निसटला, हे सांगत नाही. ते शिक्षकाने खणून काढायचं, आणि खणायला मात्र याहून चांगली जमीन मिळणार नाही.

आधी मिळतं काय ते पाहू. परीक्षा घेणारी सरकारी संस्था केआयसीई वर्षातून तीन प्रश्नपत्रिका काढते: जून आणि सप्टेंबरमध्ये सराव परीक्षा, नोव्हेंबरमध्ये खरी. म्हणजे दरसाल ५१ श्रवण प्रश्न, तेही वर्षानुवर्षं त्याच साच्यातले. प्रश्नपत्रिका, उत्तरं, ऑडिओ आणि बोललेल्या मजकुराची संहिता असं सगळं उतरवून घेता येतं. संकेतस्थळ कोरियन भाषेत आहे, पण ब्राउझरचं भाषांतर लावलं की काम भागतं. एक खोच लक्षात ठेवा: प्रश्नपत्रिकेवरचं साल प्रवेशाचं असतं, परीक्षेचं नाही. ‘२०२४’ लिहिलेली खरी प्रश्नपत्रिका नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेली असते. ऑडिओ एका सालाचा आणि उत्तरपत्रिका दुसऱ्या सालाची असा घोळ यातूनच होतो, आणि मग हुशार मुलाला १७ पैकी ४ मिळाले म्हणून सगळे चक्रावतात.

याला जोड म्हणून ईबीएस या सरकारी शैक्षणिक प्रसारण संस्थेची सराव पुस्तकं आहेत, त्यात श्रवणाचं स्वतंत्र पुस्तकही येतं. पुस्तक विकत घ्यावं लागतं, पण त्याचा ऑडिओ आणि त्यावरची व्याख्यानं ईबीएसआय या संकेतस्थळावर मोफत आहेत. पूर्वी सुनुंगचे ७० टक्के प्रश्न ईबीएसच्या पुस्तकांशी जोडलेले असत. नोव्हेंबर २०२१ पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं आणि इंग्रजीत तर ती जोडणी अप्रत्यक्ष झाली. म्हणजे विषय ओळखीचा वाटतो, पण मजकूर तोच नसतो. तेव्हा पुस्तकातल्या संवादांची घोकंपट्टी करून घेणारा शिक्षक भेटला, तर त्याची माहिती जुनी आहे एवढं समजावं.

आता परीक्षेचा साचा. पंधराव्या प्रश्नापर्यंत सगळं एकदाच ऐकवतात. सोळावा आणि सतरावा प्रश्न एकाच लांब भाषणावर असतात आणि ते दोनदा ऐकवतात. पहिले तीन प्रश्न हेतू, मत आणि मथितार्थ यांवर. चौथ्यात चित्र असतं आणि बोलण्याशी न जुळणारी वस्तू शोधायची असते. पुढे कोण काय करणार, किती पैसे द्यायचे, नकाराचं कारण काय, कशाचा उल्लेख आला नाही, कोणतं विधान चूक, तक्त्यातली कोणती वस्तू निवडली. अकरा ते चौदा संवादाला योग्य उत्तर द्यायचं, पंधराव्यात एक प्रसंग ऐकून त्या माणसाने काय म्हणावं ते निवडायचं. दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्या मुलाला हा क्रम पाठ असतो.

या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट पटकन नजरेत भरत नाही: हेतू, मत, कारण अशा प्रश्नांचे पर्याय कोरियन भाषेत छापलेले असतात. आपल्याकडच्या शिक्षकांना हे विचित्र वाटतं. इंग्रजीची परीक्षा आणि पर्याय मातृभाषेत? पण तपासायचं आहे ते ऐकणं. पर्याय इंग्रजीत दिले तर ऐकून समजलेलं मूल वाचताना अडकतं आणि गुण जातो, आणि तो गुण कशाचा गेला ते कळत नाही. स्वतःची चाचणी बनवताना हे जरूर उचला. पर्याय कोरियनमध्ये लिहिता येत नसतील तर चित्रं काढा, आकडे द्या किंवा वेळापत्रकाचा तक्ता द्या. प्रतिसादाच्या प्रश्नांत पर्याय इंग्रजीत असतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथे बोलण्याचा सूर जुळवायचा असतो.

ध्वनीच्या दर्जाबद्दल काय बोलावं! इंग्रजीचा पेपर दुपारी १:१० ला सुरू होतो. त्या दिवशी १:०५ ते १:४० अशी ३५ मिनिटं देशभरात विमानांचं उड्डाण आणि उतरणं बंद ठेवतात. आकाशात असलेल्या विमानांनी ३ किलोमीटरच्या वर राहायचं, अपवाद फक्त आणीबाणीच्या विमानांचा. शाळेच्या ध्वनिक्षेपकात बिघाड झालाच तर मुलांना आधी वाचनाचे प्रश्न सोडवायला लावून श्रवण नंतर घेतात. ही तजवीज उगाच नाही. एकदाच ऐकवल्या जाणाऱ्या संवादात अर्ध्या सेकंदाचा खरखराट झाला तरी ‘फिफ्टीन’चं ‘फिफ्टी’ होतं. ज्यांना ऐकू येत नाही अशा विद्यार्थ्यांना या भागाऐवजी लेखी प्रश्न मिळतात.

या सगळ्या बडदास्तीचा एक तोटा असा की मुलाला निर्वात पोकळीतलं इंग्रजी ऐकायची सवय लागते. संवादात जवळजवळ नेहमीच एक पुरुष आणि एक बाई. दोघं शिस्तीत आळीपाळीने बोलणार, कोणी कोणाचं वाक्य तोडणार नाही, कोणी अडखळणार नाही, मागे भांडी वाजणार नाहीत. उच्चार अमेरिकी, वेग बेतशीर. पूर्ण गुण मिळवणारं मूल पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत आलं की पहिले दोन आठवडे गोंधळून का जातं, याचं उत्तर इथे आहे. त्यात आपला भारतीय उच्चार! कोरियन कानाला श्वास सोडून उच्चारलेला ‘प’ वेगळा आणि घट्ट दाबलेला ‘प’ वेगळा. अमेरिकी माणूस ‘पेन’ म्हणतो तेव्हा तो थोडा ‘फ’कडे झुकतो, कारण त्यात श्वास असतो. आपण ‘पेन’ म्हणतो ते कोरियन मुलाला ‘प्पेन’सारखं घट्ट ऐकू येतं. मूल कच्चं नाही, त्याचा कान एकाच घराण्यात तयार झालाय.

गुणांचंही पाहा. नोव्हेंबर २०१७ पासून इंग्रजीला निरपेक्ष श्रेणी आहे: ९० आणि त्यावर पहिली श्रेणी, ८० ला दुसरी, आणि असंच दहा-दहाने खाली. पेपर सोपा आणि सगळे पहिल्या श्रेणीत, असा समज कोणी करून घेऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये फक्त ४.७१ टक्के मुलांना पहिली श्रेणी मिळाली. पण ही गाळणी वाचनाच्या २८ प्रश्नांत बसते. श्रवणाचे ३७ गुण हुशार मुलं गृहीत धरतात, आणि इथेच परीक्षेची एक गंमत उघडी पडते. वेळ वाचवायला मुलं ऐकता ऐकताच वाचनाचे सोपे प्रश्न सोडवतात: १८ आणि १९, मग २५ ते २८ म्हणजे आलेख, एखाद्या व्यक्तीची माहिती आणि जाहिरातवजा सूचना, शिवाय शेवटचे ४३ ते ४५. सोळा-सतराचं उत्तर पहिल्याच फेरीत लागलं तर दुसरी फेरी सगळी मोकळी. शिकवणी वर्ग, म्हणजे तिथले हाग्वॉन, ही युक्ती उघडपणे शिकवतात. ज्या चाचणीत अर्धं लक्ष दुसरीकडे ठेवून पूर्ण गुण मिळतात ती वरच्या पातळीच्या मुलांचं ऐकणं मोजत नाही. आणि मधल्या पातळीच्या मुलाने ही नक्कल केली तर एक संवाद निसटतो, त्याच्या चुटपुटीत पुढचा जातो, मग घसरगुंडीच. १७ पैकी १५ सलग तीन पेपरांत येत नाहीत तोवर मुलाला ही युक्ती करू देऊ नये.

सहावा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे, कारण बहुतेक वेळा तो ३ गुणांचा असतो आणि त्यात परीक्षकाची कारागिरी दिसते. नमुना असा धरा: मत्स्यालयाचं तिकीट मोठ्यांना २० डॉलर, मुलांना १० डॉलर. बाई म्हणते दोन मोठे, दोन मुलं. मग म्हणते माझ्याकडे कूपन आहे. विक्रेता म्हणतो, एकूण रकमेवर १० टक्के सूट. उत्तर ५४. आता पर्याय बघा: ३६, ५०, ५४, ६०, ६६. ६० निवडणाऱ्याने कूपन ऐकलंच नाही. ५० निवडणाऱ्याने ‘टेन पर्सेंट’चं ‘टेन डॉलर्स’ केलं. ३६ वाल्याने मुलांची तिकिटं सोडली. ६६ वाल्याला सूट आणि वाढ यांतला फरकच कळला नाही, म्हणजे त्याला ‘ऑफ’ हा शब्द ऐकू आला पण अर्थ लागला नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक चूक बसवलेली असते. म्हणून मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला याची नोंद ठेवा, नुसता चूक-बरोबरचा शिक्का कामाचा नाही. स्वतःचे प्रश्न काढतानाही हाच नियम: ज्या पर्यायापर्यंत कोणत्याच चुकीने पोहोचता येत नाही तो पर्याय फुकट गेला.

दहाव्या प्रश्नातही अशीच घडण आहे. तक्त्यात पाच वस्तू असतात, संवाद एकेक रकाना घेत जातो आणि दर वाक्याला एखादी वस्तू बाद होते. मुलाने पेन्सिलने ओळी खोडत जायचं. शेवटी लक्षात ठेवून निवडू म्हणणारं मूल हमखास फसतं, कारण किमतीची मर्यादा सुरुवातीलाच सांगून झालेली असते.

आता कान कुठे अडतो ते पाहू. मराठी शिक्षकाला एक मोठा फायदा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोरियन वाक्याची ठेवण मराठीसारखी आहे. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे, आणि विशेषण-वाक्य नामाच्या आधी. ‘गेल्या आठवड्यात वाचनालयातून आणलेलं पुस्तक’ हा क्रम कोरियन मुलालाही सहज वाटतो. इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि बाकीचं शेपूट मागून. कोरियन मूल ‘बुक’ ऐकून थांबतं, वाक्य संपलं असं धरतं आणि शेपूट आलं की ते नवं वाक्य समजून गोंधळतं. उपाय साधा आहे. संहितेतली अशी पाच वाक्यं घ्या, ऑडिओ नामापाशी थांबवा आणि विचारा: पुढे काय येईल? कोणतं पुस्तक? मुलाने अंदाज बांधला की पुढचं चालू करा. दोन आठवडे रोज पाच मिनिटं, बस.

दुसरं साम्य हो-नाहीचं. ‘तू येणार नाहीस?’ याला आपण म्हणतो ‘हो, नाही येणार’. कोरियनमध्येही तसंच. इंग्रजीत हो म्हटलं की येणार. अकराव्या-बाराव्या प्रश्नांतल्या नकारार्थी प्रश्नांवर कोरियन मुलं उलटं उत्तर का निवडतात, हे अमेरिकी शिक्षकाला समजावून सांगावं लागतं. आपल्याला ते घरचंच आहे. मुलाला नियम सांगू नका. ‘नाहीस’ पुसून प्रश्न सरळ करायला सांगा आणि मग उत्तर द्यायला लावा.

मोठ्या आकड्यांचीही तीच कथा. आपण लाखात मोजतो, कोरियन माणूस दहा हजारांच्या गठ्ठ्यात. ‘वन मिलियन’ त्याच्या डोक्यात शंभर गठ्ठे होतं, आपल्या डोक्यात दहा लाख. सुनुंगमध्ये रकमा लहान असतात, पण पुढच्या परीक्षांत आणि बातम्यांत हा अडथळा येतोच.

आवाजांकडे वळू. कोरियन भाषेत इंग्रजीसारखा, दात ओठाला टेकवून काढलेला ‘फ’ नाही. त्या जागी ओठ मिटून, श्वास सोडून केलेला ‘फ’ येतो, आपल्या ‘फळ’मधल्या अस्सल जुन्या फसारखा. इंग्रजी ‘पी’ही तिथेच जातो. परिणाम असा की दस्तऐवजांची ‘फाइल’ आणि ढीग या अर्थाचं ‘पाइल’ हे दोन्ही शब्द कोरियन लिपीत एकसारखे लिहितात. ‘थिंक’ आणि ‘सिंक’ची तीच गत. ‘एल’ आणि ‘आर’ एकाच अक्षरात. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक कोरियन मूल लांबीवरून शोधतं, पण अमेरिकी बोलण्यात तो लांबीपेक्षा स्वराच्या जातीचा असतो. या जोड्यांचे सराव पुष्कळ पुस्तकांत आहेत. त्यांच्यात फार वेळ घालवणं मात्र फोल. सुनुंगमध्ये एकाही प्रश्नाचं उत्तर निव्वळ ‘एल’-‘आर’वर अवलंबून नसतं, संदर्भ वाचवून नेतो.

खरा घात करतो तो ताल. ‘स्ट्राइक’ हा इंग्रजीत एका झटक्याचा शब्द. कोरियन लिपीत तो पाच अक्षरांचा होतो, साधारण ‘सु-तु-रा-इ-कु’. शाळेत पाच ठोक्यांनी शिकलेला शब्द बोलण्यात एका ठोक्यात गेला की मूल म्हणतं, ‘हा शब्द मला येत नाही.’ येतो! त्याच्या डोक्यातला साठवलेला आवाज चुकीचा आहे. म्हणून वहीत इंग्रजी शब्दांवर कोरियन लिपीत उच्चार लिहिण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी. शब्द लिहा, त्यावर जोर असलेल्या जागी एक टिंब द्या आणि हाताने टाळी एकदाच वाजवा.

त्यापाठोपाठ येतं शब्दांचं चिकटणं. ‘पिक इट अप’ बोलण्यात ‘पिकिडप’ होतं. ‘कॉल्ड हिम’चा ‘ह’ गळून ‘कॉल्डिम’ उरतो. आणि सगळ्यात घातकी जोडी म्हणजे ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. अमेरिकी बोलण्यात होकारी ‘कॅन’चा स्वर मेलेला असतो: ‘आय कन् गो’. नकारी शब्दात स्वर जिवंत, ठसठशीत असतो आणि शेवटचा ‘ट’ गिळलेला: ‘आय कॅऽन्‌ गो’. कोरियन मूल ‘ट’ची वाट बघतं. ‘ट’ ऐकू आला नाही म्हणून होकार धरतं, आणि उत्तर बरोबर उलट पडतं. मुलाला सांगा, ‘ट’ विसर. स्वर ऐक. शब्द धावत गेला तर होकार, शब्दावर पाय रोवला तर नकार. दहा वाक्यं म्हणा, मुलाने नकाराला हात वर करायचा. तिसऱ्या दिवशी दहापैकी नऊ बरोबर येऊ लागतात.

कोरियन वळणाच्या इंग्रजी शब्दांचाही एक छुपा सापळा आहे. कोरियात ‘सर्विस’ म्हणजे दुकानदाराने वर फुकट दिलेली वस्तू, ‘मीटिंग’ म्हणजे तरुण मुलामुलींची ओळखीची बैठक, ‘कनिंग’ म्हणजे परीक्षेतली कॉपी. (आपणही कॉपीला ‘कॉपी’ म्हणून वेगळाच अर्थ लावतो, तेव्हा हसू नका.) हे शब्द संवादात आले की मूल आत्मविश्वासाने चुकतं.

तर सामग्री कशी वापरायची? एका तासाला एक पूर्ण पेपर लावून गुण सांगणं हा सगळ्यात वाईट वापर. चार प्रश्न घ्या. पहिल्यांदा न थांबवता ऐकवा आणि उत्तर लिहून घ्या. दुसऱ्यांदा पर्याय झाकून ऐकवा आणि एका ओळीत लिहायला सांगा: कोण, कुठे, काय हवंय. ही ओळ कोरियनमध्ये चालेल. मग श्रुतलेखन, पण संपूर्ण संवादाचं नाही. उत्तर ज्यावर टेकलंय अशी तीनच वाक्यं निवडा आणि सहा ते आठ शब्दांनंतर थांबा. पूर्ण संवाद लिहायला लावला तर मिनिटभराच्या ऑडिओला अर्धा-पाऊण तास जातो आणि मूल तिसऱ्या दिवशी कंटाळतं. कोरियन शिकवणी वर्गांत नेमकं हेच होतं: वही भरते, कान तसाच.

संहिता शेवटी उघडायची. आधी उघडली की तो वाचनाचा तास झाला. लिहिलेलं संहितेशी ताडून चुकांवर चार प्रकारच्या खुणा करा: शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण आवाजातून ओळखला नाही, शब्द सगळे लिहिले पण अर्थ लागला नाही, अर्थ लागला पण वाक्याची सुरुवात तोवर विसरली. स्पेलिंगची चूक यात धरू नका, ती ऐकण्याची नाही. प्रत्येक प्रकाराला उपाय वेगळा. पहिल्याला शब्दसंग्रह, दुसऱ्याला ताल आणि चिकटण्याचा सराव, तिसऱ्याला वाक्यरचना, चौथ्याला छोटे तुकडे ऐकून मनात धरून पुन्हा म्हणणं. आठवडाभरात वहीत कोणती खूण जास्त आहे ते दिसतं. बहुतेक कोरियन मुलांच्या वहीत दुसरी खूण वरचढ असते, आणि पालक मात्र शब्दांची यादी वाढवून मागतात.

वेगाबद्दल थोडं. ऑडिओ हळू करणं हा सोपा मोह आहे. ०.८ च्या खाली जाऊ नका. त्याखाली शब्दांचं चिकटणं कृत्रिम होतं आणि मूल अस्तित्वात नसलेलं इंग्रजी शिकतं. त्यापेक्षा मूळ वेग ठेवून थांबे वाढवा. दुसऱ्या दिवशी तेच चार प्रश्न १.२ ने ऐकवा. काही मुलं थेट १.५ वर सराव करतात. पेपरातला वेग मग हळू वाटतो हे खरं, पण ती मुलं ओळखीचा साचा ऐकत असतात, भाषा नव्हे.

लहान वर्गांसाठी सुनुंगचे पेपर घेऊच नयेत. त्यांच्यासाठी प्रांतांच्या शिक्षण कार्यालयांची श्रवण चाचणी आहे. माध्यमिक पहिलीपासून उच्च माध्यमिक तिसरीपर्यंत (आपल्याकडची सातवी ते बारावी) प्रत्येक इयत्तेची वेगळी, वर्षातून दोनदा, २० प्रश्नांची. तिचे जुने ऑडिओही ईबीएसकडे मिळतात. पातळीची चढण अगदी हलकी आहे, त्यामुळे मुलाची इयत्ता न बघता त्याला १६ ते १७ प्रश्न येतात तिथून सुरुवात करावी. आवाज कधीकधी जरा जास्तच नाटकी आहेत, पण तेवढं चालतं.

सुनुंगच्या पुढची पायरी म्हणून टोइक या कामकाजाच्या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचं श्रवण घ्यावं. कोरियात ही परीक्षा १९८२ पासून आहे. ४५ मिनिटांत १०० प्रश्न, उच्चार अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन, पर्यायांत कोरियनचा टेकू नाही. सुनुंगमध्ये पूर्ण गुण मिळवणारं मूल इथे दुसऱ्या भागात गडगडतं. त्या २५ प्रश्नांत ना प्रश्न छापलेला असतो ना उत्तरं. एक प्रश्न ऐकायचा, तीन उत्तरं ऐकायची आणि एक निवडायचं. शिवाय बरोबर उत्तर तिरकं असतं. ‘मीटिंग कुठे आहे?’ याचं उत्तर ‘मीही आत्ताच आलोय’ असं येतं, आणि प्रश्नातल्या शब्दासारखा वाजणारा शब्द असलेला पर्याय बहुधा सापळा असतो. सुनुंगने लावलेली सरळ उत्तराची सवय इथे नडते. अर्थात टोइकचं वातावरण कचेरीचं आहे: पावत्या, माल पोचवणं, बैठका पुढे ढकलणं. चौदा वर्षांच्या मुलाला त्यात रस कसा वाटावा? अकरावी-बारावीच्या खालच्याला ते देऊ नका. आणि टोइकचे खरे जुने पेपर असे मोफत मिळत नाहीत, पुस्तकं विकत घ्यावी लागतात.

किमतीच्या मानाने पाहिलं तर सुनुंगच्या जुन्या पेपरांना तोड नाही. ईबीएसचं पुस्तक घेतलंच पाहिजे असं नाही. घेतलं तर मुलाच्या पालकांना कोरियाहून येणाऱ्या कोणाच्या सामानात आणायला सांगा. नोव्हेंबर २०१३ च्या पेपरात ४५ पैकी २२ प्रश्न श्रवणाचे होते आणि पेपर दोन पातळ्यांत विभागलेला होता, त्यामुळे त्याचा क्रम आजच्याशी जुळत नाही. तो सराव म्हणून वापरा, गुण मोजायला नको. नोव्हेंबर २०१४ पासूनचे १७ प्रश्नांचे पेपर तुलनेला चालतात, मात्र जुन्यांत प्रतिसादाचे छोटे प्रश्न अगदी सुरुवातीला आहेत हे मुलाला आधी सांगून ठेवा.

घरी पेपर लावताना फोनच्या स्पीकरवर लावू नका, आणि हेडफोनही देऊ नका. परीक्षेच्या वर्गात आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येतो, थोडा घुमतो, मागच्या बाकावर मंद होतो. साधा टेबलावरचा स्पीकर मुलापासून दोन-अडीच मीटरवर ठेवा, पंखा चालू राहू द्या, आणि आवाजाची पातळी पहिल्या सूचनेच्या वेळीच ठरवून घ्या. प्रश्न सुरू झाल्यावर बटणाला हात लावायचा नाही.